कोंडा देऊन घेतलेले

माझ्या बापाला त्याच्याच चुलतभावाने बेवारस ठरवलं, तेही कॉम्प्युटरच्या साक्षीने. एवढी वर्षं झाली, आता तरी राग गेला असेल, असं लोक मला म्हणतात. का जाईल? मी काय त्याला जायला सांगितलंय?

आम्ही ठाण्याचे. टॉवर उभे राहिल्यावर जे ठाणेकर झाले ते नव्हे. खाडीच्या बाजूला जुनं गावठाण होतं, तिथले आम्ही. थोडी भातशेती करायची, मिठागरात राबायचं आणि रविवारी मिस्साला जायचं, अशी आमची माणसं. एका बाजूला कोळी, दुसऱ्या बाजूला आगरी आणि मधे आम्ही ख्रिस्ती. बोली सगळ्यांची जवळपास एकच, लग्नातली गाणीही थोडीफार तीच आणि भांडणं तर अगदी तीच. डोंबिवलीत राहायला आल्यावर लोक मला विचारायचे, "तुम्ही ख्रिश्चन ना? मग मराठी इतकं चांगलं कसं काय बोलता?" मी विचारायचे, "तुम्ही कुठे शिकलात?"

गावातल्या चर्चच्या मागे आमची दफनभूमी. तिथली रीत अशी की बहुतेकांना जागा काही वर्षांपुरतीच मिळते. मग हाडं काढून कोनाड्यात ठेवतात आणि त्या जागी दुसऱ्याला पुरतात. मेल्यावरसुद्धा भाडेकरूच. पण गावातल्या काही जुन्या घरांच्या स्वतःच्या कबरी होत्या, कायमच्या. त्यातली एक आमची. चिंचेखाली, काळ्या दगडाची, वर नुसता क्रूस. माझे पणजोबा-पणजी तिथे, आजोबा-आजी तिथे, आजोबांचा धाकटा भाऊ, म्हणजे बाबांच्या त्या चुलतभावाचा, माझ्या काकाचा बाप, तोही तिथेच. सगळे एकावर एक. घरातलं कोणी गेलं की घराण्यातल्या मोठ्या माणसाने फादरकडे जाऊन तोंडी सांगायचं, "हा आमचा, ह्याला आमच्यात ठेवा." एवढंच. हा मान खरं तर बाबांचा होता, कारण काका त्यांच्याहून लहान. पण आम्ही गाव सोडलं आणि काका गावात राहिला, म्हणून मान त्याच्याकडे गेला. दुसरी काही त्याची लायकी नव्हती.

गाव का सोडलं ते सांगते. दोघा भावांच्या कुटुंबांचं मिळून एक कौलारू घर होतं, पुढे अंगण आणि अंगणात विहीर. आजोबांनी स्वतःच्या हाताने बांधलेली. ऐंशीच्या दशकात गावठाणात बिल्डर फिरायला लागले तेव्हा काकाच्या डोक्यात बिल्डिंग शिरली. बाबा म्हणाले, घराचं काय ते बघू, विहिरीला हात लावायचा नाही. एका रविवारी आम्ही सगळे मिस्साला गेलेलो. परत येतो तर विहिरीत ट्रकभर डेब्रिज. काका बाजूला उभा राहून बिडी ओढत होता. बाबा त्याच्या अंगावर धावून गेले, आईने आणि काकीने दोघांना सोडवलं. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. बाबांनी डोंबिवलीतल्या मानपाड्याला, औद्योगिक वसाहतीजवळ, एका चाळवजा बिल्डिंगमध्ये दोन खोल्या घेतल्या. त्यांची रंगाची फॅक्टरी तिथून चालत जाण्याएवढी होती. बुजवलेल्या विहिरीवरून रोज चालायचं नाही, एवढंच कारण त्यांनी दिलं.

भांडणानंतरही दर नाताळात काकी कुणाच्या तरी हाताने एक डबा पाठवायची. आई तो घ्यायची आणि म्हणायची, "पोराच्या नावाचा आला." कुठल्या पोराच्या, हे मी कधी विचारलं नाही. डब्यात करंज्या असायच्या आणि आमच्या घरात करंज्यांना प्रश्न विचारत नाहीत.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा बाबांची छाती संपत आली होती. आयुष्यभर रंगाची भुकटी नाकातोंडात गेलेली. कल्याणच्या डॉक्टरने फोटो खिडकीशी धरून बघितला आणि मला बाहेर बोलावलं. बाबांना न सांगताच कळलं. ते म्हणाले, "ठीक आहे. आता ठाण्याला जाऊन येतो."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? जागा विचारायला. त्याच्या दारात जायचं नव्हतं, पण आता माझ्यासाठी कोण जाणार? तू गेलीस तर भांडून येशील."

हे खरं होतं. म्हणून ते एकटे गेले, दम खात, माजिवड्यावरून बस बदलत. बाबांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलेलं मी बघितलं नव्हतं. ही एकच गोष्ट त्यांना हवी होती, आपल्या बापाशेजारी झोपायची जागा.

परत आले ते वेगळेच होऊन आले. आई बाजारात गेलेली. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आईला सांगू नकोस."

तो कॉम्प्युटरचा प्रिंट होता. परदेशात स्थायिक झालेला आमच्याच समाजातला कोणी एक गृहस्थ, निवृत्त झाल्यावर त्याला आपली मुळं शोधायची हौस आली. सुट्टीत येऊन त्याने आमच्या चर्चच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदींचे फोटो काढले, परत जाऊन त्या पोर्तुगीजमधल्या नोंदी इंग्रजीत टाइप केल्या आणि इंटरनेटवर चढवल्या. जगभर पांगलेल्या आपल्या लोकांना उपयोग व्हावा म्हणून. छान. उपयोग झाला. काकाच्या मुलाने नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. त्याने ते पान शोधून काढलं आणि बापाला कौतुकाने दाखवलं. त्यात माझ्या आजोबांच्या नावापुढे लिहिलं होतं: फाउंड. पेरेंट्स अननोन.

काकाने बाबांना दारातच उभं ठेवलं आणि वाचून दाखवलं. म्हणाला, "तुझा बाप आमच्या घरचा नव्हताच. सापडलेला होता. माझ्या आजीने दया येऊन वाढवला असेल. माझ्या बापाची नोंद बघ, आईबापाच्या नावासकट आहे. कबर आमच्या रक्ताची आहे. मी फादरला काय म्हणून सांगू?" आणि मग म्हणाला, "विहिरीसाठी लय नाचत होतास ना?"

मेल्या, विहिरीचं तू बोलतोस!

मला वाटलं, बाबा चिडतील, शिव्या घालतील, आम्ही दोघं मिळून काकाचा उद्धार करू. पण बाबांनी ते खरं मानलं. मला सगळ्यात जास्त संताप त्याचा आला. ते आरशासमोर उभे राहून आपलं नाक बघायला लागले. जेवताना मधेच हात थांबायचा. एकदा मला म्हणाले, "माझी आजी माझ्या बापाला कधी बाळ म्हणाली नाही, कधी नावाने हाक मारली नाही. 'ए शेजारणीच्या' म्हणायची. शेजारणीचा पोर आला का, शेजारणीच्या पोराला जेवायला वाढ. चांगला बाप्या झालेला माणूस, आणि त्याला असं. मी लहान होतो, मला वाटायचं म्हातारी खडूस आहे. आता कळलं, का म्हणायची ते."

मी म्हटलं, "बाबा, काहीतरीच काय!"

"काहीतरी नाही. जे आहे ते आहे. मला इथेच कुठेतरी टाका. उकिरड्याचं बीज, त्याला चिंचेखालची जागा कशाला?"

हे बोलून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. छातीच्या दुखण्याने ते जातील हे मी मनाशी कबूल केलेलं. पण असे जातील, कोणाचेच नसल्यासारखे, हे मी कबूल करणार नव्हते. जळो ते इंटरनेट आणि जळो तो काका.

दुसऱ्या दिवशी ते पान स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मी सायबर कॅफेत गेले. माझं आणि कॉम्प्युटरचं तेव्हा आधीच वाकडं होतं. मी डोंबिवलीत स्टेशनजवळ टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायचे. मराठी, इंग्रजी दोन्ही. आमच्या मालकाने अर्ध्या क्लासमधली मशिनं भंगारात घालून तिथे प्लायवूडच्या खोपट्या केल्या, प्रत्येकीत एक कॉम्प्युटर ठेवला आणि पडदे लावले. पडद्याआड कॉलेजची पोरं काय बघत बसायची ते देव जाणे. मी पलीकडे उरलेल्या मुलींना अक्षरं बडवायला शिकवत बसायचे. त्याच खोपटीत मला जाऊन बसावं लागलं. मालक खूश झाला. "अरे वा, मॅडम पण आल्या लाइनवर!" मी म्हटलं, "तोंड बंद ठेवा आणि हे चालू करून द्या."

ते मशीन बराच वेळ घसा खाकरल्यासारखं करत राहिलं आणि मग पान वरून खाली इंच इंच उतरायला लागलं. राखाडी पान, त्यावर रांगाच रांगा. नाव, तारीख, बाप, आई, शेरा. धर्ममाता-धर्मपित्यांचा रकाना त्या गृहस्थाने गाळला होता, तसं त्याने वर लिहिलंही होतं. टाइप करायचा कंटाळा आला असणार. टायपिस्टचा कंटाळा मला लांबूनही ओळखता येतो. टायपिस्टला अर्थ कळायची गरज नसते, समोर दिसतं ते बोटांनी उतरवायचं, हे मीच मुलींना शिकवायचे. पण मी त्यांना रकाना गाळायलाही शिकवलं नव्हतं.

आजोबांची नोंद मिळाली. शेरा प्रिंटमध्ये कापला गेलेला, तो इथे पूर्ण होता. गावामागच्या उकिरड्यावर सापडला, आईबाप माहीत नाहीत, शेजारच्या एका बाईने आणला. मी खाली गेले. पुन्हा तसंच एक मूल. आणखी खाली, पुन्हा एक. प्लेगची ती वर्षं. पानभर मुलांच्या शेऱ्यात मेल्याची नोंद आणि त्यांच्यामधे ही उकिरड्यावर सापडलेली, सगळे मुलगेच आणि सगळी शेजारणींनीच आणलेली. त्या गृहस्थाने तळाला आपली अक्कल पाजळली होती: त्या काळी जवळपास अनाथाश्रम असावा किंवा बाहेरगावच्या निराधार बाया मुलं सोडून जात असाव्यात.

आमच्या गावात? जिथे कोणाच्या घरात कोंबडी उकळतेय ते तीन घरं सोडून कळतं, तिथे बाया मुलं सोडून जातात आणि कोणाला पत्ता नाही? काहीतरी चुकत होतं. पण काय चुकत होतं ते मला सांगता येईना आणि त्यामुळे मी जास्तच भडकले. बाजूच्या खोपटीतला पोरगा खिदळत होता, त्याच्यावर ओरडले. मालकावर ओरडले. आणि तशीच घरी आले.

आई मोरीपाशी बसून बोंबील साफ करत होती. बाबा आत झोपलेले. सांगायचं नाही असं ठरलेलं होतं, पण माझ्या पोटात ते राहिना. मी दबक्या आवाजात सुरुवात केली आणि शेवटी ओरडतच होते. काकाने बाबांना दारातून घालवलं, आजोबा सापडलेले होते म्हणे, उकिरड्यावर, शेजारणीने आणलं म्हणे, आईबाप अननोन.

आईने बोंबील खाली ठेवला आणि हसायला लागली. माझं रक्त उसळलं.

"हसतेस काय? बाबा तिकडे मरायला टेकलेत!"

"अगो, मग हसू नको तर काय करू? कोंडा देऊन घेतलेला तो! तुझा आजा. माझ्या सासूने सांगितलेलं मला. त्याच्या आधीची दोन पोरं प्लेगात गेली. मग तिसऱ्याला उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीने उचलला. तुझ्या काकाचा पोर नाय का मी घेतला? तू होतीस की तिथे, फ्रॉक घालून! सूप तर तूच धरलेलंस."

आणि मला सगळं दिसलं. किती मूर्ख असावं माणसाने! मी स्वतः तिथे होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, भांडणाच्या आधीची गोष्ट. काकीची दोन बाळं एकापाठोपाठ गेलेली. तिसरा झाला तेव्हा काकीला आत कोंडून दार लावून घेतलं. बायकांनी बाळाला फाटक्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून घरामागच्या उकिरड्यावर ठेवलं. आई लांबून फिरत फिरत आली, जसं काही तिला माहीतच नाही, आणि मोठ्याने म्हणाली, "अरे देवा, हा कोणाचा पोर इथे टाकलाय?" कोणीच उत्तर दिलं नाही. "कोणाचा नाय ना? मग मी घेते." तिने माझ्या हातातल्या सुपातून मूठभर कोंडा उकिरड्यावर टाकला आणि त्याला उचललं. बाप्तिस्म्याला चर्चमध्येही तीच घेऊन गेली. काकी घरीच राहिली. आईने फादरला सांगितलं, सापडलं. फादर आमच्याच बाजूचा, त्याला सगळं ठाऊक. तो हसला, आईला म्हणाला, "तुम्ही बायका सुधारणार नाही," आणि आईबापाची नावं बरोबर लिहिली.

हे सगळं कशासाठी, तर मरणाला चकवायला. मरणाने ह्या घरातली दोन नेली, त्याला घर ठाऊक झालंय. मग तिसऱ्याला ह्या घरचा म्हणायचंच नाही. टाकलेला आहे, कुणाचा नाही, कोंड्याच्या किमतीचा आहे, असलं कोण नेणार? आणि पोराचं लग्न होईपर्यंत त्याच्या खऱ्या आईने त्याला माझा म्हणायचं नाही. लग्नाच्या दिवशी विकत घेणाऱ्या बाईला नवं लुगडं द्यायचं आणि मूल सोडवून घ्यायचं. तोवर ते तिचं. म्हणूनच काकी तिच्या मुलाला 'जाऊबाईचा पोर' म्हणायची. म्हणूनच नाताळच्या करंज्या. आमच्या लहानपणी प्रत्येक मुलाला घरात चिडवायचे, तुला कोंडा देऊन घेतलंय म्हणून. मी त्यावरून हातपाय आपटून रडलेय. आणि तीच गोष्ट इंग्रजीत, पडद्यावर, रकान्यात दिसली तर मला ओळखू आली नाही.

प्लेगच्या वर्षातला फादर परका होता, पोर्तुगीज बोलणारा, नुकता आलेला. बाईने सांगितलं, उकिरड्यावर सापडलं. त्याने बिचाऱ्याने तसंच लिहून टाकलं. आणि शंभर वर्षांनी दुसऱ्याने तसंच टाइप केलं.

"हे तू बाबांना कधीच सांगितलं नाहीस?"

"बाप्यांना कशाला सांगायचं? बायकांची कामं ती." मग तिचं हसू गेलं. "त्याने ह्यांना दारातून घालवलं म्हणालीस?"

ती उठली, हात धुतले आणि बाबांच्या उशाशी जाऊन बसली. मी दारात उभी होते. तिने सांगितलं आणि बाबा छताकडे बघत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मग आजी शेजारणीचा, शेजारणीचा का म्हणायची? लग्नानंतर तर सोडवून घेतला असेल."

"सवय. किंवा भीती. दोन गेल्यावर एक राहिला तर बाई मरेपर्यंत घाबरते. ती खडूस नव्हती हो. ती तुमच्या बापाला लपवत होती."

बाबांनी डोळ्यांवर हात घेतला.

रविवारी आई आणि मी ठाण्याला गेलो. आईने निघताना सूप घेतलं, रिकामं. बसमध्ये लोक बघत होते. अंगणाच्या जागी आता काकाची बिल्डिंग होती, तळमजल्यावर तो, आणि विहिरीवर स्कूटरी लावलेल्या. आईने बेल वाजवली नाही. पॅसेजमध्ये उभी राहून मोठ्याने म्हणाली, "माझा पोर न्यायला आलेय!"

शेजारची दारं उघडली. काका बनियनवर बाहेर आला. "काय तमाशा आहे?"

"तमाशा नाय. माझा पोर दे. उकिरड्यावर सापडलेला, मी कोंडा देऊन घेतला, सगळ्या गावाने बघितलंय. तुझ्या कॉम्प्युटरचा कायदा असा ना, की सापडलेला तो घरचा नाय? माझा सासरा घरचा नाय, तर हा कसा तुझ्या घरचा? लुगडं दिलंस मला? सोडवून घेतलास? बांध त्याचे कपडे!"

काका म्हणाला, "वेड लागलंय हिला. त्याच्या सर्टिफिकेटवर माझं नाव आहे."

मी म्हटलं, "आहे ना, कारण आपल्या फादरला सगळं ठाऊक होतं. तो परका असता तर तुमचा मुलगाही आज पेरेंट्स अननोन असता. त्या पानावर असे किती आहेत बघा. अर्ध्या गावाचे आजे आहेत. सगळ्यांना कबरीतून बाहेर काढा आता!"

शेजारचा एक म्हातारा हे ऐकून आपल्या बायकोला विचारायला लागला, की आपल्याकडेही कोणी होतं का. काकाचा चेहरा लाल झाला. मागे काकी येऊन उभी राहिलेली आणि तिच्या मागे तो पोरगा, उंच, चष्मा घातलेला, ज्याने ते पान शोधलं होतं. काका वळून काकीवर ओरडला, "सांग हिला! हा तुझ्या पोटचा आहे की नाही? सगळ्यांसमोर सांग, माझा मुलगा आहे म्हणून!"

काकीने तोंडावर पदर धरला. तो पुन्हा ओरडला. तिने मान हलवली. तिची दोन गेलेली होती आणि हा तिसरा मागे उभा होता, बिनलग्नाचा. तिच्याने ते शब्द तोंडातून काढवेनात.

"मी नाय बोलणार," ती म्हणाली. "तुम्ही मला मारून टाका, मी नाय बोलणार. जाऊबाईचा आहे तो. आणि तुम्ही आत्ताच्या आत्ता फादरकडे जा."

पोरगा म्हणाला, "आई, काय चाललंय? मी कोणाचा म्हणजे?"

माझी आई म्हणाली, "गप रे. जेवलास का?"

काका त्या दिवशी गेला नाही. नाक वर करून आत निघून गेला. पण काकीने त्याला सुखाचा घास खाऊ दिला नसणार, कारण पुढच्या आठवड्यात दोघं मानपाड्याला आमच्या दारात उभी. त्याने चपला काढल्या नाहीत. बाबा खाटेवर उशीला टेकून बसलेले, प्राणवायूची नळी नाकात. काका भिंतीवरच्या क्रुसाकडे बघत म्हणाला, "फादरशी बोललोय. जागा आहे."

"तुझ्या बापाची आहे का?" बाबांनी विचारलं.

इतक्या दिवसांत त्यांचा तो आवाज मी ऐकला नव्हता.

"माझ्या आजीची आहे जागा," बाबा म्हणाले. "तिने माझ्या बापाला मरणापासून लपवलं, म्हणून तो जगला. तुझ्या परवानगीने नाय येत मी. कळलं?"

"ये मग," काका म्हणाला आणि खाली उतरला. चहा आम्ही विचारला नाही. आईने काकीच्या हातात नाताळचा डबा परत दिला, भरून.

बाबा त्यानंतर थोडेच दिवस होते, पण त्या दिवसांत त्यांनी सगळ्यांना नेहमीसारखं छळलं. पेजेत मीठ नाही, पंखा हळू आहे, शेजारचा रेडिओ मोठा आहे. मला फार बरं वाटायचं. ते गेले तेव्हा त्यांना चिंचेखाली ठेवलं, त्यांच्या बापाच्या वर. पेटी खांद्यावर घ्यायला माणसं पुढे झाली तेव्हा काकीने आपल्या मुलाला पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं आणि फादरसमोर, गावासमोर म्हणाली, "जा, तुझ्या आईचा नवरा आहे तो." काका बाजूला उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

पण एक राग शिल्लक होता. ते पान तसंच होतं. जगात कोणीही उठावं आणि वाचावं, की माझे आजोबा बेवारस. मी त्या परदेशातल्या गृहस्थाला पत्र लिहायला घेतलं, मालकाच्या त्याच खोपटीत बसून. कोंडा, उकिरडा, शेजारीण, प्लेग, सगळं लिहिलं. तुम्ही काय उतरवलंय ते तुम्हालाच कळलेलं नाही, असं लिहिलं. पान दुरुस्त करा, आजोबांच्या नावापुढे आईबापाची नावं घाला, असं ठणकावून लिहिलं. पाठवायच्या आधी त्याचा प्रिंट घरी नेऊन आईला वाचून दाखवला. मला वाटलं, ती खूश होईल.

"नको पाठवू," ती म्हणाली.

"का नको? खोटं आहे ते!"

"खोटंच आहे. खोटंच लिहायचं होतं. ते तुझ्यामाझ्यासाठी लिहिलेलं नाय गो. ज्याला फसवायला लिहिलं तो अजून फिरतोय. एक उघडं पडलं की सगळी उघडी पडतात." ती तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. "पोराचं लग्न व्हायचंय अजून."

माझा मरणाच्या अकलेवर विश्वास नाही. इंटरनेटवर तर अजिबात नाही. तरी मी कॅफेत परत गेले आणि ते पत्र पुसलं, शेवटच्या ओळीपासून वर वर, एकेक अक्षर करत. काकासाठी मी बोटसुद्धा हलवलं नसतं. पण पोर आमचा होता.